कोपऱ्यावरच्या घराचा कठडा

भाद्रपद लागला की जळगावच्या आमच्या कॉलनीत शिड्या बाहेर निघतात. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. सकाळचं ऊन अंगाला बोचतं, दुपारनंतर केळीच्या बागांकडून दमट वारा येतो आणि दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत. अशात परवा दोन तरुण शिडी घेऊन फाटकाशी उभे राहिले. "काका, तुमच्या गॅलरीला माळ बांधू का?" एकानं विचारलं. मी हो म्हटलं. हल्लीच्या माळांना वजन नसतं. मोहरीएवढे दिवे, सुतळीएवढी वायर. त्यांनी चिकटपट्टीचे चार तुकडे लावले आणि पाच मिनिटांत पुढच्या घराकडे वळले. "शेवट कुठं नेणार?" मी सहज विचारलं. "घरं संपतील तिथं," तो म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून गेला.

मी आत येऊन बसलो. सुशीलानं, माझ्या बायकोनं, चहा ठेवला होता. तिनंही ते ऐकलं असणार, कारण ती काही बोलली नाही. पन्नासहून अधिक वर्षं झाली, या महिन्यात एका गोष्टीबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी धुळ्यात सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होतो. आग्रा रोडच्या मागं नवी वस्ती उभी राहत होती. तिथल्या एका गल्लीत आम्ही भाड्यानं राहायला गेलो. दोन्ही बाजूंना मिळून अकरा घरं. उन्हाळ्यात रस्त्यावरच्या ट्रकांचा धुरळा सरळ स्वयंपाकघरात यायचा, पावसाळ्यात तोच पायाखाली काळा चिखल व्हायचा. जवळ कुठंतरी तेलगिरणी होती. वारा फिरला की सगळ्या गल्लीला भाजल्या शेंगदाण्याचा वास यायचा आणि भूक नसताना भूक लागायची.

गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, एकच दुमजली घर होतं. ते बैसाण्यांचं. यशवंत बैसाणे तार ऑफिसात होते. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, किडकिडीत, बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. घर बौद्ध. समोरच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर होती, ती रस्त्यावरूनही दिसायची. गल्ली त्यांच्याशी नीट वागायची. 'काय बैसाणे, कसं काय' एवढं नीट. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र दहा घरांत फिरायचं. अकरावं घर कोणी मुद्दाम वगळलं असं कधी कोणी म्हणालं नाही. ते आपोआप राहायचं. बैसाणे मला साहेब म्हणायचे, मी त्यांना नुसतं बैसाणे म्हणायचो. वयानं लहान असून. तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

त्या वर्षी श्रावणात सुशीला बाळंतपणासाठी माहेरी, फैजपूरला होती. तिकडून तार आली तेव्हा वाटपाची फेरी होऊन गेली होती. सकाळपर्यंत तार पडून राहिली असती. बैसाणे ती घेऊन स्वतः आले, सायकलवरून, भर पावसात, टोपीखाली कागद ठेवून. मी कागद हातात घेण्याआधीच म्हणाले, "मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत." तार म्हटली की माणूस आधी घाबरतो, हे त्यांना रोजच्या कामामुळं ठाऊक होतं. मी कागद वाचला, पुन्हा वाचला, हसलो. त्यांच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. त्यांना आत या म्हणायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही, असं निदान मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

त्यानंतर महिन्याभरात गणपती. तेव्हाची रोषणाई म्हणजे साधे पंधरा वॅटचे बल्ब, पातळ रंगात बुडवून दोरीवर वाळवलेले. लाल, हिरवे, पिवळे. काळे होल्डर, जाड दुपदरी वायर, एका माळेत पंचवीस-तीस बल्ब. कोरडी असताना दोघांनी उचलायची. ओली झाली की ती म्हशीच्या दाव्यासारखी जड व्हायची. आदल्या वर्षी मिळेल तिथं बांधली होती म्हणे, खिडकीच्या गजाला, कडुनिंबाला, एका घराच्या पन्हळीला. वारा सुटला आणि माळेनं पन्हळच उपटून मांडवावर आणली. म्हणून त्या वर्षी नाना मला म्हणाले, "ओव्हरसियर गल्लीत असताना आपण आंधळ्यासारखं का बांधायचं? तुम्ही जागा नक्की करा." नाना म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे. उत्सव त्यांच्याच ओट्यावर ठरायचा.

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मला ते फार मोठं काम वाटलं. हातोडी, ओळंबा आणि खडू घेऊन दोन दिवस गल्लीभर फिरलो. झाडाला माळ बांधायची तर ती सैल ठेवावी लागते, कारण झाड हलतं आणि वायर ताणली जाते. खिडकीचे गज पक्के असतात पण खाली पडतात, कडब्याची गाडी आली की माळ गाडीबरोबर जाईल. विजेच्या खांबाला हात लावायचा नाही. राहिल्या भिंती. भिंतीवर हातोडी हळू मारायची आणि ऐकायचं. गिलावा सुटला असेल तर आवाज भद्द येतो, आत सगळं धरून असेल तर ठण्ण. जिथं ठण्ण आला तिथं मी खडूनं फुली मारायचो. एकेका घराच्या शिडीवर उभं राहून मला ती गल्ली पहिल्यांदा वरून दिसली. कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेले वाल, कुणाचं मोडकं पाळण्याचं कडं, कुणाच्या कौलावर अडकलेला पतंग.

सगळ्यांत चांगला आवाज बैसाण्यांच्या गच्चीच्या कठड्याचा होता. उंची बरोबर, जागा बरोबर, वीट भाजकी, चुना असा बसलेला की नख रुतत नव्हतं. "आमच्या दादांच्या हातचं आहे," बैसाणे खालून शिडी धरून म्हणाले. त्यांचे थोरले भाऊ सुकदेव शिरपूरकडे गवंडीकाम करायचे. हे घर त्यांनी उभं केलं होतं. मी फुली मारली आणि म्हणालो, "इथं शेवटची गाठ."

"म्हणजे रस्त्यावरून पहिली," ते म्हणाले. "आग्रा रोडनं येणाऱ्याला आधी आमच्या घरचा दिवा दिसेल."

एवढं बोलून त्यांनी घसा साफ केला, जरा जास्तच बोललो असं वाटल्यासारखं. मग चहा झाला. तसबिरीखालच्या खुर्चीत बसून मी तो प्यायलो. आल्याचा होता, चांगला होता. मी तसं म्हणालोही.

त्याच संध्याकाळी नानांच्या ओट्यावर मी नकाशा पसरला. रंगीत पेन्सिलीनं काढलेला, प्रत्येक फुलीला नंबर. सगळे वाकून बघत होते, कौतुक चाललं होतं. नानांचं बोट नंबरांवरून फिरत शेवटच्या फुलीवर आलं आणि थांबलं.

"हे कोपऱ्यावरचं?"

"हो. सगळ्यांत पक्की भिंत आहे."

कापडदुकानवाले मोतीशेठ उपरण्यानं मान पुसत बसले. नाना चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले, "आपलं काही नाही. माणूस सज्जन आहे. पण बाहेरची चार माणसं दर्शनाला येतात. गणपतीची माळ तिथून निघते म्हटल्यावर... तिथं बांबू नाही का चालणार?"

"सणासुदीला विषय नको," मोतीशेठ म्हणाले.

मी म्हणू शकलो असतो की आजच तिथं चहा पिऊन आलो. म्हणू शकलो असतो की माळ भिंतीला बांधायची आहे, भिंतीची जात बघायची नाही. यातलं काही फार धीराचं नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती, घरही सुटणार नव्हतं. फार तर नानांनी तोंड वाकडं केलं असतं. मी म्हणालो, "चालेल. बांबू चालेल." आणि खोडरबरानं तो नंबर खोडला. कागदाला तिथं भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सांगायला मलाच जावं लागलं. रात्रभर मी शब्द जुळवले होते. "बैसाणे," मी म्हणालो, "कठडा परत बघितला मी. चुना आतून सुटलाय. भार घेणार नाही."

त्यांनी वर बघितलं. "एका माळेचा भार?"

"माळेचा नाही, वाऱ्याचा. वाऱ्याचा दाब येतो, माळ ओढते, ती ओढ कठड्यावर पडते." मी पुष्कळ बोललो. कॉलेजात शिकलेले सगळे शब्द त्या दिवशी मला आठवले. माझ्याकडे एकच विद्या होती. तिचा पहिला मोठा उपयोग मी असा केला.

ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणजे असेल." मग आत जाऊन ओलं फडकं आणलं, गच्चीवर गेले आणि वाकून स्वतःच ती फुली पुसली.

बांबू त्यांच्या भिंतीपासून दोन हातांवर गाडला. काळी माती भिजलेली, तीन बाजूंनी तणावे दिले तरी तो रोज थोडा कलायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी आरती चालू असताना वावटळीसारखा पाऊस आला. बांबू मुळापासून कलला आणि माळेसकट बैसाण्यांच्या कठड्यावर जाऊन पडला. पडला तो तसाच राहिला. सबंध भिजलेली माळ, वर बांबूचं वजन, वारा, सगळं त्या कठड्यानं आरती संपेपर्यंत आणि पुढं पाऊस थांबेपर्यंत तोललं. एक बल्ब फुटला नाही. आम्ही सगळे मांडवात उभे राहून ते बघत होतो. टाळ्या वाजवत होतो, आरती म्हणत होतो. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मी त्यांच्याकडे. सकाळी माणसं लावून बांबू पुन्हा उभा केला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी पहारीचा आवाज आला. ठण्ण, ठण्ण. सुशीला तोवर मुलीला घेऊन परत आली होती. पाळण्यातली मुलगी त्या आवाजानं दचकायची. बैसाणे कठडा पाडत होते. शिरपूरहून भाऊ आला होता. आपल्या हातानं बांधलेली भिंत तो आपल्याच हातानं फोडत होता आणि ती फुटत नव्हती. दिवसभर आवाज, दुसऱ्या दिवशीही आवाज. मी ऑफिसला जाताना आणि येताना त्या घराखालूनच जायचो. दुसऱ्या संध्याकाळी सुकदेवभाऊंनी वरून मला हाक मारली. हाताला फोड आलेले, भुवयांवर चुन्याची भुकटी.

"सायेब, हाई भीत कच्ची शे आसं कोनी सांगं? दोन दिन व्हयनात, पडस नही. बठ्ठी भीत मन्हा हातनी शे."

भिंत कच्ची म्हणणारा मीच, हे त्यांना माहीत नव्हतं. धाकट्या भावानं नाव सांगितलं नव्हतं. मी मान वर करून उभा होतो आणि बैसाणे मागून पुढं आले. "वाऱ्याचा दाब असतो, दादा," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं." मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं, "साहेब, सिमेंट मिळवलंय थोडं. प्रमाण काय ठेवू?"

सिमेंट तेव्हा सहजी मिळत नसे. मी म्हणालो, "एकास चार." एवढं म्हणून घरी आलो. जेवताना सुशीलानं विचारलं, "त्यांची भिंत खरंच कच्ची होती?" मी म्हणालो, "जेवू दे." भाकरीचा पुढचा तुकडा माझ्या ताटात पडला नाही. तो मला हात लांब करून घ्यावा लागला.

नवा कठडा झाला. त्यात त्यांनी ओलं असतानाच एक लोखंडी कडी बसवून घेतली, अंगठ्याएवढ्या जाड सळईची, लाल रंग दिलेली. रोज ऑफिसला जाताना ती दिसायची. थंडीत दिसली, उन्हाळ्यात दिसली. धुळ्याचा उन्हाळा फार कडक. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं आणि ती कडी ऊन पिऊन चकाकत असायची. मला वाटायचं, यांनी खरंच विश्वास ठेवला. बिचाऱ्यांनी खरंच ठेवला. असं वाटून मला त्यांची कीव यायची आणि त्या कीवेत थोडं बरंही वाटायचं. हे लिहायलाही आज हात कचरतो.

पुढचा भाद्रपद आला. नानांच्या ओट्यावर बैठक बसायच्या आधीच बैसाणे आमच्या दारात आले. बाहेरच उभे राहून म्हणाले, "साहेब, एकदा बघून घेता का? म्हणजे शंका नको." मी गेलो. त्यांनी मला गच्चीवर नेलं, दोन्ही हातांनी कडी धरली आणि कठड्याबाहेर खाली शिडीवर उतरून पाय सोडले. चाळिशीला टेकलेला तो माणूस, ऑफिसचा पांढरा सदरा घालून, कडीला लोंबकळत होता. "बघा," ते खालून म्हणाले. त्यांच्या पत्नी गच्चीच्या दारात उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

"उतरा, उतरा," मी म्हणालो. "पक्की आहे."

बैठकीत मी नकाशा पसरला तेव्हा त्यात कोपऱ्यावरचं घरच नव्हतं. नानांनी काही म्हणायच्या आत मीच म्हणालो, "या वर्षी माळ एक घर अलीकडेच थांबवू. तिकडं वारा फार लागतो." नानांनी मान डोलावली. मोतीशेठ म्हणाले, "तुमचं डोकं चांगलं चालतं." मी तेही ऐकून घेतलं.

बैसाण्यांना मी रस्त्यातच गाठलं. घरी जायचा धीर नव्हता. सांगितलं, "बल्ब कमी पडले. माळ पुरत नाही."

ते सायकल धरून उभे होते. "या खेपेला भिंतीचं काही नाही ना?"

"नाही. भिंतीचं काही नाही."

"मग बरं," ते म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

त्या वर्षी दिवे लागले तेव्हा दहा घरं उजळली. दहाव्या घराशी माळ संपत होती आणि पुढं रस्त्यापर्यंत काळोखाचा एक तुकडा होता. आरती झाल्यावर सुशीलानं मुलीला काखेत घेतलं, प्रसादाची वाटी पदराखाली धरली आणि सगळ्यांसमोरून चालत त्या काळोखात गेली. मला विचारलं नाही. परतायला तिला चांगला वेळ लागला. आल्यावर वाटी घासायला टाकताना एवढंच म्हणाली, "त्यांच्या घरी आज गोड केलं होतं. मला वाढलं."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तोवर बैसाणेही चाळीसगावच्या तार ऑफिसात गेले होते. घर भाड्यानं दिलं होतं. निरोपाला ते आमच्याकडे आले होते म्हणे. मी साइटवर होतो. साइटवर नसतो तरी घरात सापडलो असतो का, सांगता येत नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एकदा कामानिमित्त चाळीसगावला गेलो होतो. पुढं धुळ्यातही काम होतं, म्हणून धुळ्याच्या गाडीसाठी एसटी स्टँडवर उभा होतो. हवेत कपाशीच्या गाड्यांची धूळ होती, लाउडस्पीकर खरखरत होता. बाकावर बैसाणे बसलेले दिसले. केस पुरते पांढरे, मांडीवर पिशवी. त्यांनी मला आधी ओळखलं आणि उठून उभे राहिले. मुलीची चौकशी केली. कितवीत आहे, अक्षर कसं आहे. मी सांगितलं. मग बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या गाड्या बघत राहिलो.

"बैसाणेसाहेब," मी म्हणालो. तो शब्द मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा वापरला. "तो कठडा."

"हं."

"तो पहिल्यापासून पक्का होता."

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "दादांच्या हातचा होता."

"मग पाडला कशाला?"

त्यांनी घसा साफ केला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्हाला दुसरं कारण शोधावं लागावं म्हणून," ते म्हणाले. "वाटलं, तुम्ही भले माणूस आहात. तुम्हाला सापडणार नाही."

तेवढ्यात गाडी लागली. माणसांची रेटारेटी झाली. ते पुढं चढले, मी मागून. आत गेलो तर दोघांच्या बाकावर खिडकीशी ते बसले होते आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ती माझ्यासाठी अडवली होती. मला बघितल्यावर त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी बसलो. चाळीसगाव ते धुळे, दीड-दोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या गुडघ्यावर, माझ्या गुडघ्यावर. सबंध रस्ताभर माझ्या तोंडात एकच वाक्य होतं. ते लांब नव्हतं, अवघडही नव्हतं. पुढच्या वळणावर म्हणू, पुढच्या थांब्यावर म्हणू, असं करत मी ते गिळत राहिलो. एकदा त्यांचा डोळा लागला आणि मान माझ्या खांद्यावर आली. मी हललो नाही. खांदा तसाच धरून ठेवला आणि मनाशी म्हणालो, जागे झाले की बोलतो.

धुळे आलं. ते जागे झाले, पिशवी सावरली, उठले. "येतो, साहेब," म्हणाले.

मी म्हणालो, "बरं."